रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरे!

१९६९ मध्ये आपले तारापूर अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी पुस्तकात मांडले, की भुकेइतकीच मुलाला जवळच्या माणसाच्या आधाराची गरज असते. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी हा विचार मोठ्यांच्या नात्यांना लावला. पुढे दिसले, की आधाराची खात्री नसलेल्यांना शारीरिक तक्रारी जास्त जाणवतात. काही जण वारंवार दवाखान्यात येतात, काही दुखणे अंगावर काढतात.

बोईसरला नोकरीसाठी एकटे राहता आणि रिपोर्ट नॉर्मल येऊनही पोट, पाठ दुखतच राहते? ते नाटक नव्हे. एकाच डॉक्टरांकडे ठरलेल्या तारखांना जा, मनातलेही सांगा. मात्र ताप, वजन घटणे, रक्त पडणे किंवा छातीत कळ असे नवे काही झाले, तर लगेच तपासून घ्या.