गेम बॉय संगीत
निन्टेंडो कंपनीच्या गेम बॉय (१९८९) या हातात मावणाऱ्या खेळयंत्रावर संगीतरचना व वादन करण्याचा प्रकार. चिपट्यून (जुन्या खेळयंत्रांच्या व संगणकांच्या ध्वनिचिपांवरील) संगीताची एक शाखा. या यंत्रात ध्वनीच्या चारच वाहिन्या आहेत : चौकोनी तरंगाच्या दोन, ३२ नमुन्यांचा तरंग वाजविणारी एक आणि तालासाठी उपयोगी पडणारी खरखरीची एक. एका वाहिनीवर एका वेळी एकच स्वर निघतो. त्यामुळे तीन स्वर अतिशय वेगाने आलटूनपालटून वाजवून स्वरमेळाचा भास निर्माण करतात. या संगीताची ओळख ठरलेली थरथर त्यातूनच येते.

जर्मनीतील ऑलिव्हर विट्‌खो यांचे नॅनोलूप (१९९८) आणि स्वीडनमधील योहान कोटलिन्स्की यांचे लिटल साउंड डीजे (२०००) या कार्ट्रिजवरील प्रणालींमुळे हे यंत्र वाद्य म्हणून वापरात आले. दुसरीत सुरावट अंक-अक्षरांच्या उभ्या रकान्यांत भरावी लागते. सुरुवातीला हे काम किचकटच वाटते.

यंत्रात फेरफारही करतात. आतील ध्वनिवर्धकाच्या आधीच संकेत काढून घेणारी तार डाखली की खरखर कमी होते. अंधाऱ्या मंचासाठी पडद्यामागे दिवा बसवितात. भरदार खर्जामुळे अनेक वादक आजही १९८९ चे मूळ, करड्या रंगाचे यंत्रच पसंत करतात.