साखरेची पैठणी

परवा पाटोद्याला नात्यातल्या डोहाळजेवणात केक आला, वर घडी घातलेली पैठणी! मोर, काठ, सगळं फाँडंटचं. म्हणजे साखर मळून केलेली कणीकच. लाटायची, कापायची, रंगवायची. मावशी म्हणाली, "यात नवल काय? मी साखरेचं मंगळसूत्र घातलंय."

खरंच की! पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने. शेगडीवर परात ठेवून खसखशीवर पाक थेंबथेंब सोडायचा, बोटांनी हलवत राहायचं. बोटं पोळतात, तेव्हा कुठे काटा येतो. मग त्याचे हार, बाजूबंद, नथ... सोन्यामोत्यांची नक्कल.

ही हौस तिकडेही जुनीच. १५७४ साली व्हेनिसमध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री मेजवानीला बसला, हातरुमाल उचलला तर तो तुटला. साखरेचा होता! तिथे साखर हाच श्रीमंतीचा थाट. आपल्याकडे ती सोन्याच्या जागी आली.

पण पाटोद्यातल्या कितीतरी नव्या सुनांच्या वाट्याला हे दागिने येत नाहीत. संक्रांत येते ती ऐन ऊसतोडीच्या हंगामात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. त्यामुळे लग्नानंतरची पहिली संक्रांत कारखान्याकडच्या कोपीवर जाते, दिवसभर फडात ऊस तोडत.