पडद्यावरची लय: फ्रेम, वेळ आणि संगणकीय खेळ

पडद्यावर धावणारा खेळाडू प्रत्यक्षात कधीच धावत नाही. एकामागून एक स्थिर चित्रे, म्हणजे फ्रेम, येतात आणि हालचाल डोळ्यांना भासते. हा भास सेकंदाला किती फ्रेम येतात यावर अवलंबून असतो. पण त्या समान अंतराने येतात की नाही, यावर अधिक.

कलबुर्गी जिल्ह्यातील, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्ग्यातील, निवडक खेड्यांत अशी चित्रमालिका ‘साइट’ या उपग्रह दूरदर्शन प्रयोगातून पोहोचली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळातील या प्रयोगात देशभरातील सुमारे २,४०० खेडी होती. कर्नाटकातून गुलबर्ग्यासह रायचूर व विजापूर हे जिल्हे निवडले गेले होते. आपल्याकडच्या टीव्हीचे गणित सेकंदाला २५ चित्रांचे. प्रत्येक चित्र दोन भागांत रेखाटले जाई, म्हणून पडदा ५० वेळा उजळे. हा आकडा विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेशी जुळवलेला होता. जपान-अमेरिकेच्या टीव्हीचा आकडा मात्र ६० होता.

खेळांच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हता. टीव्हीला जोडून, कॅसेट लावून खेळायच्या जुन्या जपानी खेळांत ‘प्रत्येक फ्रेमला एक पाऊल’ असा हिशेब असे. ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी बनवलेल्या संचावर, आज्ञावलीत बदल केला नसेल, तर तोच खेळ एक षष्ठांश मंद चाले, संगीतही रेंगाळे. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये उलट गंमत झाली. शत्रू कमी होत तसा यंत्रावरचा भार घटे आणि उरलेले शत्रू वेगाने सरकत. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ती त्रुटी खेळाचा प्राण म्हणून तशीच ठेवली!

आज बिदर किंवा भालकीतील एखादा विद्यार्थी ६० हर्ट्झच्या लॅपटॉपवर याच पद्धतीने खेळ लिहील, तर मित्राच्या १२० हर्ट्झच्या मोबाइलवर तो दुप्पट वेगाने पळेल. उपाय जुनाच आहे: मागील फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजावे आणि वेगाला त्या वेळेने गुणावे. त्यासाठी भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ घेऊ नये, कारण ती मध्येच दुरुस्त होऊ शकते. केवळ पुढेच जाणारा गणक वापरावा.

एवढ्याने अडखळणे थांबेलच असे नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. खेळ सेकंदाला ४० फ्रेम देत असेल, तर एक फ्रेम १६.७ आणि पुढची ३३.३ मिलिसेकंद टिकते. लंगडणाऱ्या माणसाची ही चाल डोळ्यांना लगेच खुपते. त्यापेक्षा ३० फ्रेम, पण एकसारख्या, अधिक सुखद वाटतात. जाहिरातीतले मोठे आकडे हे सांगत नाहीत.

आज्ञावलीला ‘१६ मिलिसेकंद थांब’ असे सांगणेही भरवशाचे नाही. विंडोज प्रणालीचा नेहमीचा टप्पा सुमारे १५.६ मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे थांबा ३१ मिलिसेकंदांपर्यंत लांबू शकतो. म्हणून पडद्याच्याच इशाऱ्याची वाट पाहणे बरे. उडी, टक्कर, गुरुत्वाकर्षण यांचे गणित मात्र ठराविक, छोट्या टप्प्यांत करावे आणि दोन टप्प्यांमधली स्थिती अंदाजाने रेखाटावी. तसे न केल्यास मंद यंत्रावर चेंडू भिंतीतून आरपार जातो.