डांबर, खडी आणि शेवार्टचा आलेख

विषय डांबराचा आहे, पण सुरुवात टेलिफोनच्या कारखान्यापासून करावी लागते. १६ मे १९२४ रोजी वॉल्टर शेवार्ट या अमेरिकन तंत्रज्ञाने आपल्या वरिष्ठांना एक छोटंसं टिपण दिलं. त्यात एक आलेख होता. मधे सरासरीची रेघ, वर-खाली मर्यादांच्या रेघा. कारखान्यातली प्रत्येक वस्तू थोडी वेगळी निघणारच. पण नेहमीचा चढउतार कुठला आणि काहीतरी बिघडल्यामुळे झालेला कुठला, हे त्यावरून ओळखायचं. महालनोबिसांच्या निमंत्रणावरून हेच शेवार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. त्यामुळे ही कल्पना आपल्याकडे उशिरा पोचली, असं म्हणायची सोय नाही. आपल्या वाळूजला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना विचारा, त्यांना हा आलेख नवा नाही.

आता हॉटमिक्स प्लँट. तोही कारखानाच, फक्त उघड्यावरचा. समजा, मिश्रणात डांबर ५.५ टक्के हवं आहे आणि ०.३ टक्के इकडे-तिकडे चालतं. चार नमुने काढले: ५.९, ५.१, ५.९, ५.१. सरासरी? बरोबर ५.५! आणि चारातला एकही नमुना मर्यादेत नाही. जिथे डांबर जास्त पडलं तिथे एप्रिल-मेच्या उन्हात ते वर येऊन चकाकणार, चाकाखाली रस्ता दबणार. जिथे कमी पडलं तिथली खडी पावसाळ्यात सुटणार. खड्डा सरासरीत पडत नाही हो, तो त्या ५.१ वाल्या तुकड्यात पडतो.

हा फैलाव येतो कुठून? दरवेळी चोरीतूनच येतो असं नाही. ड्रम प्लँटमध्ये खडी पट्ट्यावरच, ओली असतानाच तोलली जाते, आणि त्या वजनाच्या हिशेबाने डांबर सुटतं. रात्री पाऊस झाला, बारीक कच भिजली आणि ओलाव्याची दुरुस्ती कुणी केली नाही, तर यंत्र पाण्यालाही खडीच समजतं. डांबर जास्त जातं. दुपारी ढीग वाळला की पुन्हा कमी. आलेख रोज काढला तर हे संध्याकाळच्या आत दिसतं.

अमेरिकेतल्या रस्तेवाल्यांनाही हे आपसूक उमगलं नव्हतं. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमधल्या ओटावाजवळ खास चाचणी-रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले. बांधकाम डोळ्यांत तेल घालून केलेलं, तरी मोजमापांत अपेक्षेपेक्षा जास्त फैलाव निघाला. त्या धक्क्यानंतर साठच्या दशकात रस्त्यांच्या विनिर्देशांत संख्याशास्त्र शिरू लागलं.

आपल्याकडेही ते कागदावर आहे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांतलं ९०० क्रमांकाचं प्रकरण पाहा: घनता आणि मार्शल स्थिरता नुसत्या सरासरीवर स्वीकारायची नाही, प्रमाण विचलनही हिशेबात धरायचं. नियम चांगला आहे. अडचण अशी की नमुना घेणारा आणि बिल पास व्हायची वाट पाहणारा यांच्यात अंतर फार थोडं असतं.

इथे पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण नेहमी निघतं. रेकॉन्डो कंपनीने केलेला, १९७६ सालापासूनचा रस्ता. लोक त्याची गोष्ट प्रामाणिकपणाची म्हणून सांगतात. मला त्यातली दहा वर्षांची हमी जास्त महत्त्वाची वाटते. पुढची दहा वर्षं खड्डा आपल्याच खिशातून बुजवायचा असेल, तर प्लँटवर फैलाव कमी ठेवण्यात ठेकेदाराचाच फायदा असतो. साहेबाने येऊन सांगायची गरज राहत नाही.

शेवटी एक गोष्ट, खास तरुण अभियंत्यांसाठी. प्रयोगशाळेची वही उघडलीत आणि महिनाभर ५.५, ५.५, ५.५ असंच लिहिलेलं दिसलं, तर खूश होऊ नका. नमुना घेण्यात, डांबर वेगळं काढण्यात, वजन करण्यात थोडाफार फरक पडतोच. तो वहीत कुठेच दिसत नसेल, तर आधी प्लँटवर जाऊन त्या तारखांना नमुने खरंच घेतले होते का, ते विचारा.