डास, तेल आणि कोरडा दिवस

पाऊस जरा उघडला की डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि ग्रुपवर मेसेज सुरू होतात: "केमिकल नको, नैसर्गिक तेल लावा." तेलांना माझा विरोध नाही. पण त्यांचा इतिहास माहीत असावा, म्हणून ही पोस्ट.

सिट्रोनेला हे गवती चहाच्या कुळातल्या गवताचं तेल. ते मुख्यतः श्रीलंका आणि जावातून यायचं. आपल्या खानदेशातलं रोशा गवत त्याचंच भावंड. त्याचंही तेल भट्ट्या लावून काढत आणि मुंबईमार्गे परदेशी पाठवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांची हिंदुस्थानातली फौज डासांसाठी सिट्रोनेलाच वापरायची. म्हणजे तेलात दम आहे, ही काही भाबडी समजूत नाही.

अडचण एकच, हे तेल उडून जातं. जो वास डासाला पळवतो, तोच हवेत विरतो. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या जंगलांत मलेरियाने सैनिक आडवे पडले, तेव्हा अमेरिकेला जास्त टिकणारं काहीतरी हवं होतं. त्या शोधातून 1946 साली डीईटी लष्करात आलं आणि 1957 साली बाजारात. 2002 च्या एका गाजलेल्या अमेरिकन चाचणीत सुमारे 24 टक्के डीईटीने सरासरी पाच तास संरक्षण दिलं. सिट्रोनेलाची उत्पादनं वीस मिनिटंही टिकली नाहीत.

मग आपला कडुनिंब? 1993 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी खोबरेल तेलात 2 टक्के निंबतेल मिसळून लावलं, तर ॲनोफिलिस डास रात्रभर लांब राहिले. उत्तम! पण ॲनोफिलिस मलेरियाचा. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, पोरं शाळेत आणि आपण कामावर असताना. तेव्हा सकाळी लावलेल्या तेलाच्या भरवशावर दिवस काढता येत नाही.

म्हणून तेल खुशाल लावा, दर थोड्या वेळाने पुन्हा लावा. पण एडिसला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवसच लागतात. आठवड्यातून एकदा टाकी, पिंप, कुंडीखालची ताटली रिकामी करून घासली, की तो जन्मालाच येत नाही. हे झालं आपलं काम. तुंबलेली गटारं आणि अर्धवट बांधकामांतली डबकी हे काम नगरपालिकेचं. त्याचा जाब नगरसेवकाला विचारा. बाटलीतल्या तेलाने ती जबाबदारी संपत नाही.