गोळी, कांडवेल आणि आईचा मणका

 आजचा भाग जरा घरचा आहे, पण गोष्ट जाणार आहे स्वित्झर्लंडपासून बनारसपर्यंत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिखित भाग.

माझं माहेर पेडगाव. हे सांगितलं की समोरचा हसतो आणि म्हणतो, "म्हणजे वेड पांघरून जातात तेच ना?" तर नाही. म्हणीतलं पेडगाव भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं, बहादूरगडाचं. आमचं परभणी जिल्ह्यातलं. पण गेल्या वर्षी आमच्याही घरात सगळ्यांनी थोडं वेड पांघरलं होतं, ते आईच्या पाठदुखीवर.

दिवाळीच्या आधी आईनं अंगणातली पाण्याची बादली उचलली आणि पाठीत कळ आली. "वय झालं, दुखतंच," असं म्हणत तिनं महिना काढला. आम्हीही फोनवर "शेक घे" म्हणत राहिलो. शेवटी परभणीला एक्स-रे काढला, तर एक मणका दबलेला. मग हाडांची घनता मोजली. टी-स्कोअर उणे 3.1. उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 च्या अहवालातली. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली: अ‍ॅलेन्ड्रोनेट.

गोळी घरी आली आणि तिच्यामागे व्हॉट्सअ‍ॅपही आलं. "ही गोळी खाल्ली की जबडा सडतो." "मांडीचं हाड आपोआप मोडतं." मामानं शेताच्या बांधावरची कांडवेल आणून दिली. आई मला म्हणाली, "तू लई इतिहास सांगती लोकांला. मंग ह्या गोळीचा बी बघ की. खाऊ का नको?"

म्हणून बघितला.

या गोळीचं मूळ दवाखान्यात नाही, पाण्याच्या पाइपात आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं भांड्याला जो पांढरा थर धरतो, तो कारखान्यांच्या पाइपातही धरायचा. तो धरू नये म्हणून पाण्यात फॉस्फेटच्या जातीची रसायनं घालत. 1960 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश नावाचे संशोधक शोधत होते की शरीरात कॅल्शियम नको तिथे का साचत नाही. त्यांना दिसलं की आपल्या शरीरातही तसाच एक पदार्थ आहे, पायरोफॉस्फेट. पण तो औषध म्हणून तोंडावाटे दिला तर टिकत नाही, शरीर त्याचे तुकडे करतं. मग त्याचा न तुटणारा चुलतभाऊ शोधला गेला: बिसफॉस्फोनेट. या कामात प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबण-डिटर्जंटवाली कंपनीही होती. 1969 साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्लाइश, ग्रॅहम रसेल आणि मॅरियन फ्रान्सिस यांनी दाखवलं की हे पदार्थ हाडाची झीज अडवतात.

कशी अडवतात? आपलं मराठवाड्यातलं माळवदाचं घर आठवा. दर पावसाळ्याआधी वरची जुनी माती काढायची आणि नवी पांढरी माती टाकायची. हाडाचंही तसंच चालतं. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, काही नवं भरतात. पाळी गेल्यावर खरवडणाऱ्यांचा हात जोरात चालतो आणि भरणारे मागे पडतात. बिसफॉस्फोनेट हाडात जाऊन बसतं आणि खरवडणाऱ्यांना मंद करतं. म्हणजे ही गोळी नवं हाड बांधत नाही, असलेलं पडू देत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अ‍ॅलेन्ड्रोनेटला अमेरिकेत 1995 साली मान्यता मिळाली. 1996 साली एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. मणका आधीच दबलेल्या 2027 बायका, म्हणजे अगदी माझ्या आईसारख्या. अर्ध्यांना गोळी दिली, अर्ध्यांना गोळीसारखीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुमारे तीन वर्षांनी एक्स-रे काढले. औषध नसलेल्या गटात शंभरातल्या 15 जणींचा नवा मणका दबला होता, औषध घेतलेल्या गटात 8 जणींचा. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण हजारात 22 वरून 11 वर आलं. या बायका अमेरिकेतल्या होत्या, त्यामुळे आकडे जसेच्या तसे पेडगावला लावता येत नाहीत. पण दिशा कळते.

आता भीतीची बाजू. ती खोटी नाही, आणि तिचाही इतिहास आहे.

पहिली तक्रार अन्ननलिकेची. 1996 सालीच बातमी आली की गोळी घशाखाली अडकली तर अन्ननलिकेला जखमा होतात. तेव्हापासून नियम पक्के झाले: सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहा, दूध, नाश्ता सगळं त्यानंतर. हे नियम पोथीतल्या विधीसारखे वाटतात, पण प्रत्येकामागे कुणाची तरी जखम आहे.

दुसरी तक्रार जबड्याची. एकोणिसाव्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेनं कामगारांचा जबडा सडायचा. लंडनमध्ये 1888 साली काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी जो प्रसिद्ध संप केला, त्यामागच्या हालअपेष्टांत हा आजारही होता. 2003 साली अमेरिकेतले तोंडाचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी लिहिलं की बिसफॉस्फोनेट घेणाऱ्या रुग्णांत जबड्याचं हाड उघडं पडलेलं दिसतंय. पण ते बहुतेक कॅन्सरचे रुग्ण होते, शिरेतून मोठे डोस घेणारे. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या डोसमध्ये हा धोका वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी मानला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर हा शेवटचा भाग कुणी पाठवत नाही.

तिसरी तक्रार मांडीच्या हाडाची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माळवदाची जुनी माती काढणंच बंद केलं तर काय होईल? बारीक भेगा तशाच राहतील. 2005 च्या सुमारास डॉक्टरांच्या लक्षात आलं की बरीच वर्षं गोळी घेणाऱ्या काही बायकांचं मांडीचं हाड मधोमध, फारसा मार न लागता मोडतंय. 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी इशारा दिला. त्याच वर्षीच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात आकडे होते: दोन वर्षं गोळी घेतलेल्यांत वर्षाला लाखात 2, आठ वर्षं घेतलेल्यांत लाखात 78. म्हणजे धोका आहे, आणि तो वर्षांबरोबर वाढतो. बऱ्याचदा हाड मोडण्याआधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत दुखतं. तेव्हा वेड पांघरून चालत नाही.

दोन्ही पारडी शेजारी ठेवा. वरच्या चाचणीचा हिशोब लाखात केला, तर तीन वर्षांत खुब्याची साधारण 1100 हाडं मोडायची वाचली आणि मणके दबण्यापासून वाचलेल्या बायका 7000. समोर मांडीचे ते लाखात 2 ते 78. ज्या बाईचं हाड एकदा मोडलंय तिच्यासाठी पहिली काही वर्षं तराजू सरळ गोळीकडे झुकतो. जिची घनता जेमतेम कमी आहे आणि काहीच मोडलेलं नाही, तिच्यासाठी तो इतका झुकत नाही. आणि पुढे? 2006 सालच्या एका चाचणीत पाच वर्षं गोळी घेतलेल्या बायकांपैकी काहींनी ती थांबवली, काहींनी चालू ठेवली. खुबा, मनगट अशा मोडण्यांत फरक पडला नाही. पाठदुखी घेऊन दवाखान्यात यावं लागेल असे मणके मात्र चालू ठेवणाऱ्यांत कमी दबले. म्हणून आता पाच वर्षांनी थांबून पुन्हा तपासायची पद्धत आहे.

मग पर्यायी उपचारांकडे येऊ. इथे एक गोष्ट आपल्या भागाच्या फार जवळची आहे.

1937 साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात डॉक्टरांनी नोंदवलं की पाण्यातल्या फ्लोराइडमुळे माणसं ताठ होतायत, पाठ वाकत नाही, सांधे आखडतात. एक्स-रेमध्ये त्यांची हाडं मात्र दाट, पांढरीशुभ्र दिसायची. आपल्याकडे नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांना बोअरच्या पाण्यातून हाच त्रास झालाय. आता बघा, त्या दाट हाडांवरून काहींना वाटलं की ठिसूळ हाडांना फ्लोराइडच औषध म्हणून द्यावं! 1961 पासून ते सुरू झालं. 1990 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं 202 बायकांवरच्या चार वर्षांच्या चाचणीचा निकाल छापला. कंबरेच्या मणक्यांची घनता 35 टक्क्यांनी वाढली होती. पण मणके दबायचे ठळकपणे थांबले नाहीत, आणि हातापायांची हाडं उलट जास्त मोडली. हाड दाट झालं, मजबूत झालं नाही.

हाडांच्या औषधांच्या इतिहासातला हा माझ्या मते सगळ्यात मोठा धडा. उपाय कुठलाही असो, "घनता वाढली का" हे विचारून भागत नाही. "हाडं कमी मोडली का" हे विचारायचं.

हाच प्रश्न मी मामाच्या कांडवेलीला विचारला. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचे बारा आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार दिलेत, बांधणी दिलीय. कांडवेलीचं संस्कृत नावच अस्थिसंहार किंवा अस्थिशृंखला. 1960 च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात शल्यचिकित्सक के. एन. उडुपा आणि त्यांचे सहकारी जी. सी. प्रसाद यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की या वेलीनं मोडलेलं हाड जुळायला मदत होते. ते काम खरं आहे, त्याचा अभिमान वाटावा असं आहे. पण मोडलेलं जुळणं वेगळं आणि न मोडलेलं टिकणं वेगळं. दोन हजार बायका, तीन वर्षं, खुबे किती मोडले, असा हिशोब कांडवेलीच्या नावावर नाही.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व? अमेरिकेत 36,282 बायकांवर सात वर्षं चाललेल्या चाचणीचा निकाल 2006 साली आला. खुब्याचं हाड मोडण्यात ठळक फरक दिसला नाही, मुतखडे मात्र 17 टक्के वाढले. म्हणजे "साधी कॅल्शियमची गोळी" हीसुद्धा औषधच. ज्यांच्या शरीरात कमी आहे त्यांनी ते भरून काढायलाच हवं, पण एकदा हाड मोडल्यावर तेवढ्यावर विसंबता येत नाही.

हे सगळं मी आईला दोन संध्याकाळी सांगितलं. तिनं मधेच विचारलं, "म्हंजी गोळी खाल्ली तरी मोडू शकतं?" मी म्हणाले, हो. शंभरातल्या त्या आठजणी गोळी घेतच होत्या. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आन नाही खाल्ली तर पंधरा. मंग आठात पडू."

डॉक्टरांनी आधी किडनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासलं. एक हलणारी दाढ काढून घेतली, जखम भरू दिली, मग गोळी सुरू झाली. दर गुरुवारी. उपासामुळे सकाळी पोट तसंही रिकामं असतं. पेलाभर पाणी पिऊन ती अर्धा तास ओट्यावर ताठ बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलते. न्हाणीतली गुळगुळीत फरशी आम्ही खरबरीत करून घेतली, रात्रीसाठी दिवा लावला. बादली आता ती उचलत नाही. मामाची कांडवेल अंगणात लावलीय, चांगली वाढलीय. चटणी होते तिची अधूनमधून.

भीती गेली का? नाही. मांडी जरा दुखली की तिचा फोन येतो. मी ते चांगलंच समजते. पाच वर्षं झाली की थांबायचं की नाही हे पुन्हा डॉक्टरांना विचारायचं, असं कॅलेंडरच्या मागच्या पानावर तिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय.

तुमच्या घरीही हा प्रश्न असेल तर माझ्या आईचं उत्तर उचलू नका, तिचा प्रश्न उचला: माझ्यासारख्या शंभरजणींत गोळी घेऊन कितीजणींचं मोडतं, न घेता कितीजणींचं? हे डॉक्टरांना विचारा, वैद्यांना विचारा, आणि व्हॉट्सअ‍ॅप पाठवणाऱ्या भाच्यालाही विचारा.

पुढच्या भागात भेटू. तोवर जपून चाला.