सेकंदाचा साठावा भाग: व्हिडिओ गेममधील काळाचा इतिहास

साहित्याच्या अंगाने व्हिडिओ गेमचा विचार करणारे अभ्यासक बहुधा कथानकाविषयी लिहितात. निवेदन कोणाचे, नायक कोण, खेळणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य किती, हे प्रश्न त्यांना ओळखीचे वाटतात. ज्या यंत्रावर ते कथानक घडते त्याचा विचार मात्र तंत्रज्ञांवर सोपवला जातो. मुद्रित आणि मौखिक साहित्याच्या बाबतीत आपण इतके निश्चिंत नसतो. हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत, ही गोष्ट त्यांच्या रचनेची चर्चा करताना आपण लक्षात ठेवतो. जात्यावरच्या ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते, हेही आपण वर्गात आवर्जून सांगतो. मग व्हिडिओ गेमचे जाते कोणते, असा प्रश्न का विचारू नये? प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रश्न विचारणार आहोत. त्याचे उत्तर शोधताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन यंत्रभागांच्या इतिहासात शिरावे लागते.

प्रथम मूळ संकल्पना पाहू. पडद्यावरील हालचाल ही स्थिर चित्रांची मालिका असते. त्यातील एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्या संख्येला फ्रेम रेट. चित्रपटाशी असलेले साम्य येथपर्यंतच. दादासाहेब फाळक्यांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवला जाई आणि हातागणिक वेग बदले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, ध्वनीला स्थिर वेगाची गरज भासली आणि सेकंदाला २४ फ्रेम हे प्रमाण रूढ झाले. परंतु चित्रपटाची फ्रेम आधी टिपलेली असते. खेळाची फ्रेम त्या त्या वेळी, खेळणाऱ्याने बटण दाबल्यानंतर, नव्याने घडवावी लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी यंत्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० हव्या असतील तर ३३.३. चित्रपटाच्या फ्रेममध्ये शटर उघडे असेपर्यंतची हालचाल पुसटशी उमटते, खेळाच्या फ्रेममध्ये मुळात एकच क्षण गोठलेला असतो. म्हणून २४ हा वेग चित्रपटात डोळ्यांना सुखावतो आणि खेळात ठेचकाळत चालल्यासारखा वाटतो.

ही फ्रेम घडवण्याचे काम दोघांत वाटलेले असते. बटण दाबल्याचा परिणाम काय, शत्रू कोठे वळला, गोळी लागली की चुकली, हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काय रेखाटायचे याची यादी तयार करतो. त्या यादीवरून आकृती, पोत, छाया आणि प्रकाश यांचे गणित करून पडद्यावरील प्रत्येक ठिपका रंगवणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. स्वयंपाकघरात एकीने पोळ्या लाटाव्यात आणि दुसरीने भाजाव्यात, तसा हा व्यवहार आहे. एक पोळी तव्यावर असताना पुढची पोळपाटावर असते. पण तासाभरात किती पोळ्या होतील हे दोघींतील जिचे काम सावकाश चालते तिच्यावर ठरते. लाटणारी मागे पडत असेल तर नवा तवा आणून उपयोग नाही, तो रिकामा तापत राहील. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. ३८४० × २१६० च्या पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट. पडदा मोठा केला की भार भाजणारीवर पडतो. खेळातील पात्रे आणि त्यांचे परस्परव्यवहार वाढवले की तो प्रामुख्याने लाटणारीवर पडतो.

आरंभी ही दोन्ही कामे एकाच हाताने होत. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीने तोमोहिरो निशिकादो यांचा 'स्पेस इन्व्हेडर्स' बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८० हा प्रोसेसर होता आणि चित्राचे ठिपके सरकवण्यापुरते एक लहानसे सहायक सर्किट. पडद्यावर ११ च्या ५ ओळींत ५५ परग्रहवासी. एवढ्यांना एकाच वेळी हलवणे त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये एकालाच हलवले जाई. सेकंदाला ६० फ्रेम या हिशेबाने साऱ्या फौजेचे एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागे. खेळणारा जसजसा त्यांना टिपत जाई तसतशी ही फेरी आखूड होई आणि उरलेले अधिकाधिक वेगाने चालून येत. शेवटी उरलेला एकटा तर प्रत्येक फ्रेमला हलत असे. शत्रू कमी झाले की संकट वाढावे, हे निशिकादो यांनी आधी योजलेले नव्हते. यंत्राच्या मर्यादेतून ते निर्माण झाले. त्यातील रंगत ओळखून त्यांनी ते तसेच राहू दिले. साहित्यप्रकारांच्या इतिहासात माध्यमाची अडचण पुढे प्रकाराचा नियम होऊन बसल्याची उदाहरणे आपल्याला परिचित आहेत. येथे ती घटना एका खेळात, एका दृष्टिक्षेपात दिसते.

यंत्राच्या वेगाशी खेळातील काळ असा जखडलेला असला की यंत्र बदलताच काळही बदलतो. १९८१ च्या आयबीएम संगणकातील प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. तो वेग गृहीत धरून लिहिलेले अनेक खेळ पुढील जलद संगणकांवर इतके धावू लागले की खेळता येईनात. त्या काळातील बऱ्याच संगणकांवर 'टर्बो' नावाचे बटण असे. नाव वेगाचे असले तरी त्याचा खरा उपयोग यंत्राला जुन्या गतीवर आणण्यासाठी होई.

यावर तोडगा निघाला तो दोन काळ वेगळे करण्यातून. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या इड सॉफ्टवेअरच्या 'डूम' या खेळाचे अंतर्गत घड्याळ सेकंदाला ३५ ठोके देई. यंत्र मंद असेल तर चित्रे कमी काढली जात, पण ठोके चुकत नसत. खेळातील जग आपल्या गतीने चालत राही आणि खेळणाऱ्याला त्याचे तुटक दर्शन घडे. हे दर्शन फारच तुटक झाले तर दृश्याची चौकट आकाराने लहान करण्याची सोय होती. कमी पाहा आणि नीट पाहा, असा तो सौदा. ३२० × २०० च्या त्या पडद्यावरील ६४,००० ठिपक्यांचा भार तेव्हाही एकट्या प्रोसेसरवर होता.

१९९६ च्या 'क्वेक'ने ही एकहाती व्यवस्था तिच्या टोकाला नेली. भिंतीवरील पोत दूर जाताना योग्य प्रमाणात लहान दिसण्यासाठी ठिपक्यागणिक भागाकार करावा लागतो आणि भागाकार हे प्रोसेसरचे सर्वांत संथ काम. मायकेल अब्रॅश आणि जॉन कारमॅक यांनी दर १६ ठिपक्यांमागे एकच भागाकार ठेवला, मधले ठिपके अंदाजाने भरले आणि तो भागाकार पेंटियमच्या दशांश गणित करणाऱ्या विभागाकडे अशा रीतीने सोपवला की त्याच वेळी उरलेला प्रोसेसर ठिपके रंगवत राही. याचा परिणाम खेळापुरता राहिला नाही. साइरिक्स कंपनीचा ६x८६ हा प्रोसेसर कार्यालयीन कामात पेंटियमच्या तोडीचा होता, मात्र दशांश गणितात दुबळा. 'क्वेक'मध्ये त्याचे पितळ उघडे पडले. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचे 'वूडू' कार्ड आले. ते फक्त त्रिमिती चित्रे काढी. साध्या चित्रांसाठी संगणकात दुसरे कार्ड लागे आणि दोहोंना जोडणारी एक केबल बाहेरून लावावी लागे. १९९७ च्या प्रारंभी 'क्वेक'ची या जातीच्या कार्डांसाठी केलेली आवृत्ती निघाली आणि ६४० × ४८० चा, म्हणजे 'डूम'च्या जवळजवळ पाचपट ठिपक्यांचा पडदा सफाईने हलू लागला. १९९९ साली एनव्हिडियाच्या 'जीफोर्स २५६'ने आकृतींच्या स्थानाचे आणि प्रकाशाचे गणितही प्रोसेसरकडून काढून घेतले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची बहुतेक मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेण्याचे जाहीर केले आणि एक पर्व संपले.

या कामवाटपाला साहित्याच्या परिभाषेत नाव द्यायचे तर घटना प्रोसेसरकडे राहिली आणि वर्णन कार्डाकडे गेले. आमच्या मते पुढील इतिहासाची दिशा या विभागणीत दडलेली आहे. वर्णन वाटून घेता येते. डावीकडील ठिपक्याचा रंग उजवीकडील ठिपक्यासाठी सहसा थांबून राहत नाही. त्यामुळे हजारो लहान गणनयंत्रे एकाच वेळी चित्र भरू शकतात आणि त्यांची संख्या वाढवली की वेग वाढतो. घटनेचे तसे नसते. दार उघडल्याशिवाय पहारेकरी वळत नाही, तो वळल्याशिवाय गोळी झाडत नाही. कार्यकारणभाव ओळीने चालतो, म्हणून तेथे एकेका पावलाचाच वेग महत्त्वाचा ठरतो.

आणि नेमका हाच वेग अडला. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत उष्णतेच्या आणि विजेच्या अडचणींपायी सोडून दिला. २००५ पासून एका प्रोसेसरमध्ये दोन, पुढे चार कोअर देण्याची रीत सुरू झाली. कार्डांची घोडदौड मात्र चालू राहिली. या काळातील दोन खेळ शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. नोव्हेंबर २००७ मध्ये आलेला क्रायटेकचा 'क्रायसिस' वर्णनवैभवासाठी गाजला. त्या वेळची उत्तमोत्तम कार्डेही त्याच्यापुढे दमत. पुढे कितीतरी बलवान कार्डे आली, तरी त्याची रचना मुख्यतः एकाच कोअरवर भार टाकणारी असल्याने काही प्रसंगी तो प्रोसेसरपाशी अडतच राहिला. दुसरा खेळ २००६ सालचा, टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांचा 'ड्वार्फ फोर्ट्रेस'. त्याच्या मूळ रूपात चित्रे जवळजवळ नव्हतीच. बुटके, मांजरे, भिंती, सारे अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवलेले. तरीही वस्ती वाढली की फ्रेम रेट घसरत जाई, कारण प्रत्येक बुटक्याची वाट, भूक, मनःस्थिती आणि स्मृती यांचा हिशेब प्रोसेसरला ठेवावा लागे. शत्रूने न जिंकलेल्या कितीतरी वस्त्या खेळणाऱ्यांनी केवळ या संथपणामुळे सोडून दिल्या. जगातील सर्वांत महाग कार्ड घेऊनही त्यात फरक पडला नसता. वर्णन शून्य आणि घटना अपार, अशा या कृतीला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहात स्थान दिले, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

दरम्यान फ्रेम रेट हा आकडा जाहिरातींत आणि परीक्षणांत गुणवत्तेचे मोजमाप होऊन बसला होता. २०११ साली 'टेक रिपोर्ट'चे स्कॉट वॉसन यांनी त्याच्या वर्मावर बोट ठेवले. एका सेकंदात ६० फ्रेम आल्या हे खरे. पण त्यांतील ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आणि उरलेली एक ४१० मिलिसेकंदांत आली तरी सरासरी ६० च भरते. खेळणाऱ्याला मात्र जवळजवळ अर्धा सेकंद जग थिजलेले दिसते. म्हणून त्यांनी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ स्वतंत्रपणे मोजण्याचा आग्रह धरला आणि ती पद्धत पुढे सर्वत्र स्वीकारली गेली. छंदशास्त्र शिकवणाऱ्यांना हा मुद्दा सहज पटावा. ओळीत मात्रा बरोबर भरल्या तरी यती चुकीच्या जागी आली तर वाचणारा अडखळतोच.

२०२२ साली या इतिहासाला आणखी एक वळण मिळाले. एनव्हिडियाच्या 'डीएलएसएस ३' या तंत्रात कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मधली एक फ्रेम अनुमानाने तयार करते. २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत दर खऱ्या फ्रेममागे अशा तीन फ्रेमपर्यंत मजल गेली. या फ्रेमसाठी प्रोसेसरला खेळाची पुढची स्थिती ठरवावी लागत नाही, त्यामुळे प्रोसेसर मागे पडत असतानाही आकडा वाढतो. हालचाल खरोखरच तलम दिसते, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु या मधल्या फ्रेममध्ये खेळणाऱ्याच्या बटणाची दखल नसते, कोणताही नवा निर्णय नसतो. शिवाय मधली फ्रेम दाखवायची तर पुढची खरी फ्रेम क्षणभर रोखून धरावी लागते. म्हणजे सेकंदाला १२० हा आकडा पूर्वी जे दोन दावे एकत्र करत असे, जग इतके सलग दिसते आणि ते तुमच्या कृतीला इतक्या तत्परतेने उत्तर देते, त्यांतील दुसरा दावा आता त्यातून गळून पडला आहे. घटनेविना वर्णन असे जे आपण कादंबरीच्या संदर्भात कधी कधी तक्रारीने म्हणतो, ते येथे यंत्राच्या पातळीवर शब्दशः घडले आहे.

खेळाला संहिता मानून लिहिणाऱ्यांनी या साऱ्याकडे लक्ष द्यावे, असे आम्हाला वाटते, कारण फ्रेम रेट कधी कधी संहिताच बदलतो. २०१४ च्या 'डार्क सोल्स २' मध्ये शस्त्रांची झीज फ्रेमच्या मोजणीला बांधलेली होती. घरगुती गेमयंत्रांवर सेकंदाला ३० फ्रेम असत. संगणकावर ६० फ्रेमने खेळणाऱ्याची तलवार त्यामुळे जवळजवळ दुप्पट वेगाने झिजे. २०१५ मध्ये हा दोष दूर झाला. तोवर दोन वाचक एकाच नावाच्या, पण निराळ्या कठोरतेच्या कृती वाचत होते. आपल्याकडे प्राचीन ग्रंथाची चर्चा करताना कोणती प्रत, कोणता पाठ, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खेळावर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानेही तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीत आणि किती फ्रेमने खेळला, हे पहिल्याच परिच्छेदात नोंदवावे. त्या फ्रेमपैकी खऱ्या किती, हेही आता नोंदवावे लागेल.